थकव्याची नोंद: मल्टिपल स्क्लेरोसिसच्या एका न दिसणाऱ्या लक्षणाचा इतिहास

१.
१८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी मज्जासंस्थेच्या एका आजाराचे सविस्तर वर्णन मांडले. आज आपण त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा थोडक्यात ‘एमएस’ म्हणतो. त्यांनी या आजाराच्या तीन ठळक खुणा सांगितल्या: बुबुळांची थरथर, वस्तू घ्यायला हात पुढे करताच होणारा कंप आणि शब्द तोडत तोडत बोलणे. आजच्या रुग्णांना सर्वांत जास्त काय छळते असे विचारले, तर त्यांतील पुष्कळजण या तिन्हींपैकी एकही नाव घेत नाहीत. ते म्हणतात, थकवा. या तक्रारीची मोठ्या प्रमाणावर मोजदाद व्हायला १९८४ साल उजाडावे लागले. मधली ११६ वर्षे काय झाले, आणि या थकव्यामागची कारणे एकेक करून कशी हाती आली, हा आजच्या धाग्याचा विषय.

२.
आधी आजाराविषयी थोडेसे. मेंदू व मेरुरज्जूतील चेतातंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्याच्यामुळे संदेश वेगाने धावतात. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा या आवरणावर हल्ला करते. जागोजागी आवरण झिजते आणि तेथे कठीण चट्टे उरतात. ‘स्क्लेरोसिस’ या शब्दाचा अर्थच मुळी कठीण होणे. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. २०२० मधील जागतिक गणनेनुसार जगात सुमारे २८ लाख लोक या आजारासह जगत होते. चट्टा कोठे पडला यावर लक्षण ठरते: कोणाची दृष्टी, कोणाचे पाय, कोणाचा मूत्राशयावरील ताबा.

३.
हे चट्टे शार्को यांच्या आधीही पाहिले गेले होते. पॅरिसमध्ये झाँ क्रुव्हेलिए यांनी आणि १८३८ साली रॉबर्ट कार्सवेल यांनी आपापल्या शरीरविकृतीच्या चित्रसंग्रहांत मेरुरज्जूवरील डागांची रंगीत चित्रे छापली. ही चित्रे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. मात्र ती शवविच्छेदनाच्या टेबलावरची चित्रे होती. डाग पडलेल्या माणसाने हयातीत काय सोसले, याचा मागोवा त्यांतून लागत नव्हता. या आजाराच्या इतिहासात एक तिढा सुरुवातीपासूनच आहे. डॉक्टरांचा दस्तऐवज वेगळा आणि रुग्णाचा दस्तऐवज वेगळा. दोन्ही एकाच काळात लिहिले जात होते, पण एकमेकांना भेटत नव्हते.

४.
रुग्णाच्या बाजूचा सर्वांत जुना तपशीलवार दस्तऐवज म्हणजे ऑगस्टस देस्ते यांची रोजनिशी. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज यांचा हा नातू. आईवडिलांचा विवाह राजघराण्याच्या कायद्यानुसार रद्द ठरवण्यात आल्याने त्यांना राजपुत्राचा दर्जा मिळाला नाही. डिसेंबर १८२२ मध्ये स्कॉटलंडमध्ये एका आप्ताच्या अंत्यविधीनंतर त्यांची दृष्टी एकाएकी अंधुक झाली आणि पुढे आपोआप सुधारली. १८२७ साली फ्लॉरेन्समध्ये एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, पायांतले बळ गेले. १८४८ साली मृत्यू येईपर्यंत आजाराचे चढउतार त्यांनी जवळजवळ पाव शतक नोंदवले.

५.
देस्ते यांच्यावर झालेले उपचार वाचले की त्या काळच्या वैद्यकाची कल्पना येते: जळवा, औषधी स्नाने, अंगमर्दन, बळ यावे म्हणून मांसाहार. हा सारा मजकूर त्यांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९४८ साली, डग्लस फर्थ यांच्या संपादनाखाली केंब्रिजहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तेव्हा कुठे हा एमएसचा नमुनेदार इतिहास आहे हे सर्वांच्या लक्षात आले. म्हणजे शार्को आजाराची व्याख्या करत होते, त्या वेळी त्या आजाराचे आतून लिहिलेले पंचवीस वर्षांचे टिपण अस्तित्वात होते, आणि वैद्यकाच्या अभ्यासक्रमात त्याला काहीच स्थान नव्हते.

६.
आता पुन्हा साल्पेत्रिएरकडे वळू. हे नुसते रुग्णालय नव्हते. निराधार, वृद्ध आणि दुर्धर आजारी स्त्रियांचा तो प्रचंड आश्रम होता. शार्को या जागेला आजारांचे जिवंत संग्रहालय मानत. त्यांची पद्धत शिस्तीची होती. रुग्ण जिवंत असताना बाह्य लक्षणे बारकाईने टिपायची, वर्षानुवर्षे वाट पाहायची, मृत्यूनंतर विच्छेदन करायचे आणि लक्षणाशी चट्ट्याची सांगड घालायची. आधुनिक मज्जाविज्ञानाचा पाया या पद्धतीने घातला, यात वाद नाही. पण तिची एक अट होती. लक्षण परीक्षकाच्या डोळ्यांना दिसले पाहिजे. कंप दिसतो, बुबुळे हललेली दिसतात, अडखळते बोलणे ऐकू येते. थकवा फक्त सांगता येतो.

७.
या अटीचा अर्थ समजण्यासाठी सिग्मुंड फ्रॉइड यांनी सांगितलेली एक गोष्ट उपयोगी आहे. ते शार्को यांचे विद्यार्थी होते. १८९३ साली लिहिलेल्या मृत्युलेखात ते सांगतात की, तरुणपणी शार्को यांनी हाताला विचित्र कंप असलेल्या एका स्त्रीला घरी मोलकरीण म्हणून ठेवले. तिच्या हातून बशा सारख्या फुटत आणि त्यात बराच पैसा जाई. तरीही त्यांनी तिला काढले नाही. ती वारल्यावर विच्छेदन झाले, मज्जासंस्थेत चट्टे सापडले आणि कंपाचे कारण उलगडले. गुरूच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून फ्रॉइड ही गोष्ट सांगतात.

८.
इतिहासाचा विद्यार्थी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने वाचतो. त्या स्त्रीचे नाव त्यात नाही. फुटलेल्या बशांचा खर्च आहे. दिवसभर धुणीभांडी करून संध्याकाळी तिच्या अंगात किती त्राण उरत होते, याविषयी एक शब्दही नाही. यात कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. प्रश्न पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. ज्या ज्ञानव्यवहारात शव हा अंतिम साक्षीदार असतो, तेथे जिवंत माणसाची साक्ष आपोआप दुय्यम ठरते. शिवाय साल्पेत्रिएरमधील बऱ्याच रुग्ण स्त्रिया आजाराच्या पुढच्या टप्प्यावर होत्या. जी स्त्री अंथरुणाला खिळली आहे, तिला ‘दुपारनंतर काम होत नाही’ ही तक्रार मांडण्याचा प्रसंगच येत नाही.

९.
मग त्या शतकाला थकव्याची जाणीवच नव्हती का? तसे मुळीच नाही. कारखान्यांच्या युगाला थकव्याने झपाटले होते. इटलीतील तोरिनो येथे आंजेलो मोस्सो यांनी बोटाच्या स्नायूचा थकवा आलेखावर उमटवणारे यंत्र बनवले आणि १८९१ साली थकव्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याआधी, १८६९ साली, अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी ‘न्यूरास्थेनिया’ ही संज्ञा रूढ केली: मज्जातंतूंची शक्ती संपल्याने येणारी दुर्बलता. हा आजार मुख्यतः शिकलेल्या, बौद्धिक काम करणाऱ्या वर्गाचा मानला गेला. त्यावर अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांचा उपचार प्रसिद्ध होता: सक्तीची विश्रांती.

१०.
अशा रीतीने वैद्यकात दोन फडताळे तयार झाली. एका फडताळात चट्टे दाखवता येणारे ‘खरे’ मज्जाविकार. दुसऱ्यात न्यूरास्थेनिया आणि हिस्टेरिया, जेथे दाखवण्यासारखे काही सापडत नसे. थकव्याची तक्रार दुसऱ्या फडताळात जमा झाली. याचा फटका एमएसच्या रुग्णांना, विशेषतः तरुण स्त्रियांना बसला. लक्षणे येतात आणि जातात, तपासणीच्या दिवशी काहीच आढळत नाही, तक्रार मात्र कायम. अशा अनेकींच्या कागदावर आधी हिस्टेरियाचा शिक्का बसे. खरे निदान होईपर्यंत काही वर्षे निघून जात.

११.
पहिल्या फडताळातून एक फट उघडली ती नेत्रवैद्यकाने. १८९० साली जर्मन नेत्रतज्ज्ञ व्हिल्हेल्म ऊटहोफ यांनी एमएसच्या १०० रुग्णांच्या डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील चौघांमध्ये एक चमत्कारिक गोष्ट दिसली. थोडे चालणेफिरणे झाले की त्यांची दृष्टी मंद होई आणि विसावा घेतल्यावर पूर्ववत होई. श्रमाने लक्षण वाढते आणि विश्रांतीने उतरते, ही गोष्ट येथे प्रथमच मोजून दाखवली गेली. मोजता आली, कारण ती डोळ्यांत घडत होती आणि अक्षरांच्या तक्त्यावर तपासता येत होती. आज या प्रकाराला ऊटहोफ यांचेच नाव आहे.

१२.
ऊटहोफ यांनी दोष श्रमाला दिला. खरे कारण श्रमामुळे वाढणारी शरीराची उष्णता आहे, हे पुढच्या शतकात स्पष्ट झाले. १९५० च्या दशकात तर त्याची निदानचाचणीच झाली. संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचे आणि जुनी लक्षणे डोके वर काढतात का ते पाहायचे. चाचणी क्लेशदायक होती, क्वचित धोक्याचीही. १९८० च्या दशकात एमआरआय आल्यावर ती मागे पडली. दरम्यान १९७० च्या दशकातील प्रयोगांनी तिच्यामागचे विज्ञान उलगडले होते: आवरण झिजलेल्या तंतूचे तापमान अंशाच्या भागाइतके वाढले, तरी त्यातून जाणारा संदेश थांबू शकतो.

१३.
या एका शोधाने रुग्णांच्या अनेक जुन्या तक्रारींना अर्थ मिळाला. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमानही सकाळी कमी असते आणि दुपारनंतर किंचित चढते. एमएसच्या कित्येक रुग्णांचा थकवा नेमका दुपारनंतर वाढतो. गरम पाण्याची अंघोळ, ताप, चुलीपुढचा स्वयंपाक, उन्हातला प्रवास यांनंतर गळून गेल्यासारखे वाटते. साधा मूत्रमार्गाचा संसर्गही माणसाला आडवे करतो. रुग्ण हे पूर्वीपासून सांगत आले होते. उष्णता हा थकव्याशी जोडला गेलेला पहिला ठोस घटक, आणि तो सापडला तो डोळ्यांच्या वाटेने.

१४.
याच काळात रुग्णाच्या बाजूचा दस्तऐवज थांबला नव्हता. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील एक तरुण अभ्यासक, ब्रूस फ्रेडरिक कमिंग्ज, ‘डब्ल्यू. एन. पी. बार्बेलियन’ या टोपणनावाने ओळखला जातो. १९१५ साली सैन्यभरतीच्या तपासणीला जाताना डॉक्टरांनी दिलेले बंद पाकीट त्याने फोडले आणि आपल्याला काय झाले आहे हे त्याला तेथे कळले. घरच्यांना ते आधीच माहीत होते. त्याची रोजनिशी १९१९ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो वारला. वाचकांनी ते पुस्तक साहित्य म्हणून डोक्यावर घेतले. पण आजाराची साक्ष म्हणून वैद्यकाने ते वाचायला आणखी बराच काळ जावा लागला.

१५.
साक्ष देणाऱ्यांना एकत्र आणले ते एका वर्तमानपत्री जाहिरातीने. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये सिल्व्हिया लॉरी या तरुणीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छोटी जाहिरात दिली. तिच्या भावाला एमएस होता, आणि या आजारातून बरे झालेले कोणी असल्यास त्यांनी संपर्क साधावा अशी तिची विनंती होती. पन्नासहून अधिक उत्तरे आली. बरे झालेल्याचे एकही नव्हते. सगळे तिच्यासारखेच उत्तर शोधणारे होते. १९४६ साली तिने संस्था काढली. पुढे ती अमेरिकेची राष्ट्रीय एमएस संस्था झाली. हजारो रुग्णांची नावे आणि पत्ते एका ठिकाणी आल्याने, त्यांना एकाच वेळी तोच प्रश्न विचारणे शक्य झाले.

१६.
तोपर्यंत मोजमापाची एक पट्टी मात्र पक्की झाली होती. १९५५ साली जॉन कुर्ट्झके यांनी एमएसमुळे येणारे अपंगत्व मोजण्याची श्रेणी मांडली आणि १९८३ साली तिची विस्तारित आवृत्ती दिली. शून्य म्हणजे तपासणीत काही दोष नाही, दहा म्हणजे आजाराने मृत्यू. औषधांच्या चाचण्यांत ही श्रेणी आजही वापरली जाते. तिच्या मधल्या टप्प्यांवर निर्णायक ठरते ते चालणे: विनाआधार किती मीटर, काठी लागते का, चाकाची खुर्ची लागते का. सकाळी पाचशे मीटर चालू शकणारी, पण दुपारी चारला मान वर धरण्याचीही ताकद नसलेली व्यक्ती या पट्टीवर बऱ्यापैकी ‘ठीक’ ठरते.

१७.
१९८४ साली अमेरिकेत फ्रील, क्राफ्ट आणि कॉर्येल या संशोधकांनी साधे काम केले. त्यांनी रुग्णांना विचारले. ६५६ जणांच्या उत्तरांतून दिसले की ७८ टक्के लोकांना थकव्याचा त्रास आहे, ६० टक्क्यांना तो रोज होतो आणि २२ टक्क्यांचे दैनंदिन व्यवहार त्यामुळे विस्कळित होतात. या अभ्यासाला नवे यंत्र लागले नाही, नवे रसायन लागले नाही. त्याला लागली ती रुग्णाच्या शब्दाला पुरावा मानण्याची तयारी. १८६८ सालीही हा प्रश्न विचारता आला असता.

१८.
पुढचा प्रश्न साहजिक होता. थकत तर सगळेच असतात, मग यात वेगळे काय? १९८८ साली लॉरेन क्रप आणि सहकाऱ्यांनी ३२ रुग्ण आणि ३३ निरोगी व्यक्ती यांची तुलना केली. एमएसचा थकवा उष्णतेने वाढतो, हातातली कामे अडवतो, वारंवार येतो आणि जबाबदाऱ्या पार पाडण्याच्या आड येतो, असे त्यातून दिसले. १९८९ साली त्यांनीच नऊ विधानांची थकवा-तीव्रता श्रेणी तयार केली. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत हे रुग्णाने १ ते ७ या अंकांत सांगायचे. डॉक्टरांच्या हातातली पेन्सिल येथे रुग्णाच्या हातात गेली.

१९.
हा फरक समजायला मराठीची मदत होते. आपण धावून आलो की दमतो. दिवसभर राबलो की थकतो. आजारपणाने शिणतो. आणि काही न करताही कधी कधी गळून जातो, अंगात त्राण राहत नाही. सुश्रुतसंहितेत तर आयासावाचून येणाऱ्या थकव्याला ‘क्लम’ असा वेगळा शब्द आहे. याचा अर्थ प्राचीनांना एमएस ठाऊक होता असा काढू नये, तो ओढूनताणून काढलेला अर्थ होईल. एवढेच म्हणता येते की, श्रमाने आलेला आणि श्रमावाचून आलेला थकवा भिन्न आहेत हे लोकांना व भाषेला फार पूर्वीपासून माहीत आहे. एमएसचे रुग्ण सांगतात तो थकवा दुसऱ्या प्रकारचा. रात्रभर झोपूनही तो उतरेल याची खात्री नसते.

२०.
एकदा मोजपट्टी हाती आल्यावर कारणांचा शोध वेगाने पुढे गेला. आज त्यांचे दोन गट केले जातात. पहिल्या गटात आजारातूनच थेट उद्भवणारी कारणे: आवरण झिजल्याने संदेशवहनाला लागणारे जादा कष्ट, प्रतिकारयंत्रणेची दाहक रसायने, मेंदूतील जोडण्यांची हानी. दुसऱ्या गटात आजाराच्या सोबतीने येणारी कारणे: रात्री लघवीसाठी किंवा पाय आखडल्याने वारंवार मोडणारी झोप, सततची वेदना, नैराश्य, हालचाल घटल्याने आलेला अशक्तपणा, तसेच स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या औषधांची गुंगी. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा दोष यांसारखी वेगळी कारणेही तपासावी लागतात. दुसऱ्या गटातील पुष्कळ कारणांवर उपचार आहेत, म्हणून ही विभागणी रुग्णाच्या दृष्टीने मोलाची.

२१.
शार्को यांच्या पद्धतीचा वारसा सांगणारे विचारतील, मग थकव्याचा चट्टा कोठे आहे? एमआरआय आल्यावर तो शोधण्याचे प्रयत्न झाले. उत्तर गोंधळात टाकणारे होते. चट्ट्यांची संख्या आणि थकव्याची तीव्रता यांचे गणित नीट जुळत नाही. थोडे चट्टे असलेला माणूस पार गळालेला असू शकतो आणि पुष्कळ चट्टे असलेला कामावर जात असू शकतो. १९९७ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मेंदूतील ग्लुकोजचा वापर दाखवणारी चित्रे घेतली. थकवा असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागात आणि खोलवरच्या गाभ्यांत तो वापर कमी दिसला. त्यानंतरच्या अभ्यासांचा रोखही एखाद्या डागाऐवजी या भागांना जोडणाऱ्या जाळ्याकडे राहिला आहे.

२२.
नैराश्याचा गुंता सर्वांत नाजूक आहे. एमएसमध्ये नैराश्याचे प्रमाण मोठे आहे आणि त्याचा थकव्याशी संबंध पुन्हा पुन्हा आढळतो. पण येथे साधनचिकित्सा हवी. नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत ‘थकल्यासारखे वाटते का’ हा प्रश्न बहुधा असतोच. म्हणजे एकच उत्तर दोन्ही खात्यांवर जमा होते आणि संबंध आहे त्याहून घट्ट दिसतो. नैराश्य नसलेल्या रुग्णांनाही हा थकवा येतो. नैराश्य असेल तर त्यावर उपचार व्हायलाच हवेत. पण ‘तुमच्या मनाचेच खेळ आहेत’ या वाक्याने थकवा पुन्हा एकोणिसाव्या शतकातील दुसऱ्या फडताळात जातो.

२३.
औषधांची कथा बोधप्रद आहे. अमांटाडिन हे मुळात फ्लूवरचे औषध. पुढे ते कंपवातात उपयोगी पडते असे दिसले. १९८५ साली कॅनडातील जॉक मरे यांनी ते एमएसच्या थकव्यासाठी वापरून पाहिले आणि १९८७ च्या कॅनडातील मोठ्या चाचणीत त्याचा थोडा लाभ दिसला. त्यानंतर अनेक दशके ते आणि इतर दोन उत्तेजक औषधे, मोडाफिनिल व मेथिलफेनिडेट, दिली जात राहिली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १४१ रुग्णांना ही तिन्ही औषधे आणि बिनऔषधाची गोळी आलटूनपालटून देण्याची योजना होती. थकव्याचा सरासरी गुणांक ५१ वरून चारही वेळा ४० च्या आसपास आला. बिनऔषधाच्या गोळीपेक्षा एकही औषध सरस ठरले नाही. दुष्परिणाम मात्र औषधांचे जास्त होते.

२४.
विश्रांतीच्या सल्ल्याचेही असेच झाले. विसाव्या शतकात बराच काळ एमएसच्या रुग्णांना ‘जपा, दगदग करू नका, व्यायाम टाळा’ असे सांगितले जाई. उष्णतेची भीती त्यामागे होती आणि वेअर मिचेल यांच्या काळापासून चालत आलेला विश्रांतीवरचा विश्वासही. १९९६ साली अमेरिकेतील यूटामध्ये पेटाजन आणि सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांची चाचणी घेतली. १५ आठवडे बेताचा, नियमित व्यायाम केलेल्यांची क्षमता वाढली आणि काही काळ थकवाही कमी झाला. आता व्यायाम, झोपेची शिस्त, अंग थंड ठेवणे आणि दिवसभराच्या कामांची विचारपूर्वक वाटणी हे उपचाराचे मुख्य भाग आहेत. ज्यांना वर्षानुवर्षे पडून राहायला सांगितले गेले, त्यांचे गेलेले बळ मात्र कोणत्याही तक्त्यात नोंदलेले नाही.

२५.
मोजपट्टीचा हा वाद दवाखान्यापुरता राहत नाही. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या नियमावलीत एमएसचा थकवा अनेक वर्षे अपंगत्वाचा एक निकष होता. पण अट अशी की तो स्नायूंचा थकवा असावा, पुन्हा पुन्हा हालचाल करवून घेतल्यावर डॉक्टरांच्या तपासणीत दिसावा आणि आजाराने बाधित भागाशी त्याचा मेळ बसावा. तपासणीच्या खोलीत न दिसणाऱ्या, विचारशक्तीला मंदावणाऱ्या थकव्याला तेथे सहज जागा नव्हती. २०१६ साली ही नियमावली बदलली. शार्को यांची अट पॅरिसमधून निघून सव्वाशे वर्षांनी निर्वाहभत्त्याच्या अर्जावर अशी जिवंत होती.

२६.
भारतात हा आजार नाहीच, तो थंड देशांतला, अशी समजूत दीर्घकाळ होती. तिला तडा देणाऱ्या संशोधनांत मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांचे काम महत्त्वाचे. १९९० साली त्यांनी व सहकाऱ्याने मुंबई-पुण्यातील पारशी समाजात हा आजार लक्षणीय प्रमाणात असल्याचे दाखवून दिले. त्याआधी, १९८५ साली, स्वतः रुग्ण असलेल्या रेहमत फझलभॉय यांनी मुंबईत भारतीय एमएस संस्था स्थापन केली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्टपणे घातले. आरक्षणासारख्या लाभांसाठी मात्र ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. हात किती उचलतो याची टक्केवारी काढता येते. दुपारी दोननंतर माणूस किती उरतो, याची काढणे कितीतरी अवघड.

२७.
आपल्याकडे हा प्रश्न हवामानानेही गडद होतो. ज्या आजारात शरीराचे तापमान जरा वाढले तरी संदेश अडखळतात, त्या आजाराच्या माणसाने विदर्भातला मे महिना, लोकलची गर्दी, वीज गेलेली दुपार आणि गॅसपुढचा तासभराचा स्वयंपाक कसा निभवायचा? कार्यालयात पंख्याजवळची जागा, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेत थोडी सवलत या किरकोळ वाटणाऱ्या मागण्या आहेत. त्या मान्य व्हायच्या तर समोरच्याला आधी थकवा खरा वाटावा लागतो. तो खरा वाटत नाही, कारण माणूस ‘चांगला दिसतो’.

२८.
एक सूचना आवश्यक आहे. थकवा शेकडो कारणांनी येतो आणि बहुतेक वेळा त्याचा एमएसशी संबंध नसतो. हा धागा वाचून कोणी स्वतःचे निदान करू नये. त्यासाठी डॉक्टर आहेत.

२९.
इतिहासाच्या वर्गात आम्हाला शिकवतात की साधन नसणे म्हणजे घटना नसणे नव्हे. ज्यांनी कागद लिहिला, त्यांना जे महत्त्वाचे वाटले ते कागदावर आले. एमएसच्या थकव्याचा इतिहास या नियमाचे चांगले उदाहरण आहे. लक्षण आधीपासून होते, ते सांगणारी माणसे होती, त्यांची टिपणेही होती. त्यांना पुरावा म्हणून दाखल करून घेणारे दप्तर नव्हते. ते दप्तर १९८४ साली उघडले, तेव्हा उष्णता, झोप, वेदना, नैराश्य, औषधे, मेंदूतील जाळी अशी कारणे एकामागून एक त्यात नोंदली जाऊ लागली. आणखी काही नोंदली जायची आहेत. तोवर आपल्या घरात, वर्गात किंवा कचेरीत कोणी ‘आज अंगात त्राण नाही’ म्हणाले, तर ते वाक्य प्राथमिक साधन समजून ऐकावे.

धागा समाप्त. विषयाशी संबंधित प्रश्न असतील तर खाली जरूर विचारा.